दोन वेळचा सिनेमा

शुक्रवारी दिवेलागणीला घाटपांडे काका आमच्या इमारतीचा जिना चढू लागले, की प्रत्येक मजल्यावरचं एखादं दार किलकिलं होतं. काका कुणाशी बोलत नाहीत. डाव्या हातात छत्री असते. उजव्या हाताचं एक बोट वर करतात, नाहीतर दोन, आणि पुढचा मजला गाठतात. एक बोट म्हणजे आज लागलेला सिनेमा एकदा बघितला तेवढा पुरे. दोन बोटं म्हणजे पुन्हा बघण्यासारखा. दारं लागतात आणि कोलकात्याच्या बेहाला भागातल्या आमच्या त्या इमारतीचा रविवार ठरून जातो.

मी बँकेच्या बदलीवर कोलकात्यात आले त्या आठवड्यात पहिल्यांदा हे बोट पाहिलं. जिन्यात एक सत्तरीचे गृहस्थ माझ्याकडे बघून गंभीरपणे एक बोट वर करतात. मला वाटलं, पंचाने आपल्याला बाद दिलं. सामानाची खोकी अजून उघडायची होती आणि मी बाद. नंतर कळलं की दारावर मराठी पाटी बघून त्यांनी मला आपल्या यादीत घेतलं होतं. तो मानच होता.

काकांचा जन्म इथलाच, भवानीपूरचा. वडील नोकरीसाठी आले ते इथेच राहिले. काका स्वतः केंद्र सरकारच्या एका कचेरीतून निवृत्त झाले. त्यांचं मराठी घरात जपलेलं, थोडं जुन्या वळणाचं. शेजारपाजारचे बंगाली त्यांना ‘घाटोपांडेदा’ म्हणतात आणि ते ‘ओ’ देतात. काकू मात्र मिरजेच्या. मी कोल्हापूरची म्हटल्यावर त्यांनी मला घरात ओढून नेलं आणि तिखट लाल भडंग पुढ्यात ठेवलं. कोलकात्यात ते त्यांनी कसं जमवलं, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. तोंड भरलेलं होतं.

सिनेमाची प्रतवारी करायला काकांनी जेवणाची भाषा घेतली होती. एकदाच बघायच्या सिनेमाला ते ‘एकभुक्त’ म्हणायचे. पुन्हा बघण्यासारखा असला की ‘दोन वेळचा’. “पहिल्या घासाला सगळंच गोड लागतं, वैशालीताई,” ते म्हणायचे. “तेच ताट संध्याकाळी पुन्हा पुढे आलं तर हात जातो का, ते बघायचं.” हे ऐकायला छान होतं. अडचण एवढीच, की काकांचं ताट कुणालाच कळायचं नाही.

सिनेमाच्या बाबतीत कोल्हापूरचं माणूस सहसा माघार घेत नाही. आम्ही दुसऱ्याच्या घरची भाजी चांगली म्हणू, पण दुसऱ्याने चांगला म्हटलेला सिनेमा स्वतः बघितल्याशिवाय मानणार नाही. त्यामुळे मी काकांचे निकाल तपासायला घेतले. एक सिनेमा असा होता की मी रडून रडून ओढणी भिजवली, अभिनय असा की अंगावर काटा यावा. काका म्हणाले, एकभुक्त. पुढच्या आठवड्यात एक आला, त्यात दोन जुळे भाऊ, एक बोलका पोपट आणि लग्नाच्या मांडवात शिरलेली म्हैस. मध्यंतराला मी घड्याळ बघत होते. काकांची दोन बोटं. मी जिन्यातच भांडले. म्हटलं, काका, त्या म्हशीत काय बघितलंत तुम्ही? ते शांतपणे म्हणाले, “म्हैस निरोगी होती.”

आणखी एक गंमत होती. हे शुक्रवारचे सिनेमे काकूंपासून लपवलेले होते. काका घरातून निघताना सांगायचे, बँकेत पासबुक भरून आणतो. दर शुक्रवारी. मी बँकेतलीच, मला विचाराल तर पेन्शनच्या खात्यात पासबुक भरायला दर आठवड्याला जावं असं काही घडत नसतं, आणि संध्याकाळी सहापर्यंत तर आमचा शिपाईसुद्धा थांबत नाही. पण सगळी इमारत या कटात सामील होती. म्हणून तर बोटांची भाषा. काकू जिन्यात दिसल्या की काका तेच बोट कानात घालायचे.

मग रविवारी, दोन बोटांचा सिनेमा असला, की काका काकूंना घेऊन तोच बघायला जायचे, जणू काही पहिल्यांदाच. एकदा त्यांनी मलाही नेलं. काकांच्या शेजारी बसून सिनेमा बघणं हा अनुभव आहे. विनोद यायच्या आधी ते हसतात. खलनायक पडद्यावर येण्यापूर्वी पुटपुटतात की आता काहीतरी वाईट होणार बघ. काकू कौतुकाने माझ्याकडे वळून म्हणाल्या, “यांना पुढचं सगळं बरोबर कळतं.” मी तोंडात पॉपकॉर्न कोंबले.

उत्तरार्धात मात्र एक झालं. सिनेमा हसत-खेळत चालला होता आणि काका अचानक उठले. काकूंना म्हणाले, चल, चहा घेऊ. काकू म्हणाल्या, आत्ता? पण उठल्या. मी बसून राहिले. ते गेले आणि पडद्यावर नायकाची धाकटी बहीण आजारी पडली, दवाखान्याचा लांब मोकळा व्हरांडा आला, डॉक्टर दार उघडून बाहेर आले, त्यांनी चष्मा काढला, सगळे रडले, मग डॉक्टर म्हणाले की धोका टळला. ती खाटेवर उठून बसली आणि काका-काकू चहा घेऊन परत आले. इतकं बेतून की मला नवल वाटलं. काकूंनी मला हळूच विचारलं, मधे काय झालं? मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, काही नाही, गाणं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खालच्या मजल्यावरच्या बौदींना विचारलं. बौदी म्हणजे वहिनी. इमारतीतल्या सगळ्यांच्याच त्या बौदी, आणि सगळ्यांचं सगळं त्यांना ठाऊक. त्यांनी आधी गॅस बारीक केला, मग सांगितलं. काका-काकूंना एक मुलगी होती. पाळण्यातलं नाव अपर्णा, पण ‘टुकू’ हे बंगाली लाडाचं नाव बौदींच्या सासूबाईंनी ठेवलं आणि तेच चिकटलं. कॉलेजात होती. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुर्गापूजेच्या दिवसांत, डेंग्यू झाला. रस्त्यावर मांडव, दिवे, गर्दी, आणि ही दवाखान्यात. काही दिवसांतच गेली.

पुढच्या हिवाळ्यात नातेवाइकांनी दोघांना विरंगुळा म्हणून बळेबळे सिनेमाला नेलं. विनोदी आहे म्हणून नेलं होतं. त्यात कुठेतरी एक डॉक्टर दार उघडून बाहेर आला आणि त्याने मान हलवली. काकू तिथेच बसल्या जागी गार पडल्या. घरी आणल्यावर कित्येक आठवडे त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. काका भात कालवून भरवायचे. तेव्हापासून काका प्रत्येक सिनेमा आधी एकटे बघून येतात. दवाखाना जिथे लांबलचक आहे, मूल जिथे जातं, तो एकभुक्त. जिथे काहीच नाही, किंवा असलं तर एका चहात टळतं, तो दोन वेळचा. बौदी म्हणाल्या, घाटोपांडेदांना सिनेमातलं काही कळत नाही असं लोक म्हणतात, म्हणू देत.

निरोगी म्हशीचा अर्थ मला त्या दिवशी कळला. त्यांच्या घरात टुकूचा फोटो कुठे दिसला नव्हता, तिचं नाव कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, हेही तेव्हा लक्षात आलं. त्यानंतर मी काकांच्या निकालांवर वाद घातला नाही. त्यांना ते फारसं आवडलं नाही. दोनतीनदा त्यांनी मला मुद्दाम डिवचून पाहिलं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि इथल्या मराठी मंडळाने एक नवा मराठी सिनेमा आणायचं ठरवलं. आमच्याकडे मराठी सिनेमा लागत नाही. कुणासाठी लावणार? मंडळाने एस्प्लनेडजवळचं एक छोटं सभागृह रविवारी सकाळी घेतलं, एकच खेळ. काकू तर मोहरून गेल्या. मोठ्या पडद्यावर मराठी सिनेमा बघून त्यांना किती वर्षं झाली होती कोण जाणे. कुठली साडी नेसायची ते त्यांनी मला विचारलं, मग माझं न ऐकता इरकल काढून ठेवली.

इकडे काकांची झोप उडाली. कारण उघड होतं. खेळ एकच, शुक्रवार नाहीच. आधी बघणार कुठे? ते माझ्याकडे आले आणि दार लावून घेऊन म्हणाले, मोबाईलवर काही दिसतं का बघा. मी त्यांना जाहिरातीची झलक दाखवली. तालुक्याच्या गावातलं एक बँड पथक, पडणारे वादक, पळणारा नवरदेव, सगळी धमाल. काकांनी ती तीनचारदा बघितली आणि फोन परत दिला. “हे म्हणजे मुलगी दाखवतानाचे पोहे,” ते म्हणाले. “पुढे संसारात काय वाढून ठेवलंय, यावरून कसं कळणार?”

मग त्यांनी नागपूरच्या पुतण्याला फोन लावला. पुतण्याने सिनेमा पाहिला होता. म्हणाला, मस्त आहे, घरच्यांबरोबर बघण्यासारखा. काकांनी विचारलं, दवाखाना आहे का? पुतण्या म्हणाला, असेल की, एवढं कुठे लक्षात राहतं. काकांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले की आजकालच्या पोरांना सिनेमा बघता येत नाही.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी आयुष्यात दुसऱ्या कुणी केल्याचं ऐकलेलं नाही. काकूंना सांगितलं, कचेरीतला जुना सोबती नागपूरला आजारी आहे, भेटून येतो. हावड्याला गाडीत बसले. रात्रभर प्रवास करून नागपूर गाठलं, पुतण्याकडे अंघोळ केली, दुपारच्या खेळाला तो मराठी सिनेमा बघितला, आणि संध्याकाळची गाडी पकडून परत आले. ज्यासाठी आपण घरून मॉलपर्यंत जायलासुद्धा दोनदा विचार करतो, त्यासाठी हा माणूस छत्री घेऊन अर्धा देश ओलांडून आला. आल्या आल्या जिन्यात भेटले. हातात संत्राबर्फीचा डबा होता. दुसऱ्या हाताचं एक बोट त्यांनी जेमतेम छातीपर्यंत उचललं.

चहा घेताना त्यांनी सांगितलं. पूर्वार्ध हसवतो. उत्तरार्धात बँडवाल्याची मुलगी तापाने आजारी पडते, सरकारी दवाखान्यात नेतात, आणि ती वाचत नाही. मी विचारलं, त्या वेळी काकूंना चहाला नेता येणार नाही का? काका कप हातात धरून बसले होते. “एवढा चहा जगात नाही, वैशालीताई,” ते म्हणाले.

त्यांनी सगळे उपाय करून पाहिले. काकूंना म्हणाले, सिनेमा रद्दड आहे असं ऐकलं. काकू म्हणाल्या, असू दे, दोन तास मराठी कानावर पडेल. मंडळाच्या कार्यवाहांना भेटून तेवढा भाग गाळता येईल का विचारलं. ते बिचारे मोठे सरकारी अधिकारी, त्यांना वाटलं काका नैतिकतेबद्दल बोलताहेत. त्यांनी शपथेवर सांगितलं की सिनेमा अगदी सात्त्विक आहे. शेवटी काकांनी नाटक करायचं ठरवलं. बँडवाल्याची मुलगी शाळेतून घरी येऊन ‘डोकं दुखतंय’ म्हणते, त्या क्षणी काकांना चक्कर येणार. मी दुसऱ्या बाजूने हात धरायचा. तिघांनी बाहेर पडायचं, टॅक्सी, घर. माझ्या खोलीत त्यांनी मला चक्कर येऊन दाखवली. चक्कर काही पटली नाही, पण मी मान डोलावली.

रविवारी सभागृह भरलं होतं. बदलीवर आलेली कुटुंबं, इथेच जन्मलेली म्हातारी माणसं, आईबापांना बंगालीत प्रश्न विचारणारी मुलं. काकू मधे, मी आणि काका दोन बाजूंना. काकू पोट धरून हसत होत्या. इतक्या हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. काका या वेळी विनोदाच्या आधी हसले नाहीत. विनोदानंतरही हसले नाहीत. ते खुर्चीच्या कडेवर बसून होते.

मध्यंतर झालं. मुलगी शाळेतून घरी आली. दप्तर टाकलं. डोकं दुखतंय म्हणाली. काकांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले की मला बरं वाटत नाही, आपण निघू या. मी ठरल्याप्रमाणे उठायला लागले.

काकू पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, “बसा. मला ठाऊक आहे काय येणार आहे. मला बघायचंय.”

काका बसले. मीही बसले. काकूंनी तो सगळा प्रसंग बघितला. ताप, दवाखाना, सलाईनची बाटली, मुलीचा हात धरून बसलेली आई. त्या रडत होत्या, पण गार पडल्या नाहीत, पदर तोंडाशी धरून सरळ बघत होत्या. काकांचे डोळे मिटलेले होते. माझंही पडद्याकडे लक्ष नव्हतं. मी त्या दोघांकडेच बघत होते.

सिनेमा संपल्यावर आम्ही एस्प्लनेडच्या बसथांब्यावर येऊन बसलो. रविवारची दुपार, फेरीवाल्यांचा गलका. मग काकूंनी सांगितलं की नागपूरच्या पुतण्याच्या बायकोचा फोन आला होता. काका नीट पोचले का, सिनेमा बघायला एवढ्या लांब आले आणि जेवायलाही थांबले नाहीत, म्हणून. काकूंनी मग तिच्याकडूनच सिनेमाची सगळी गोष्ट काढून घेतली. आणि पासबुकाचंही त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. बँकेतून आलेल्या माणसाच्या शर्टाला पॉपकॉर्नच्या लोण्याचा वास येत नाही, असं म्हणाल्या.

“दर शुक्रवारी एकटे बसून ते सगळं बघत आलात,” काकू म्हणाल्या. “इतकी वर्षं. मला एकदा तरी सांगायचं होतं.”

मला तिथे बसणं बरोबर वाटेना. मी उठायला लागले तर काकूंनी माझं मनगट धरून ठेवलं.

“त्या आईने शेवटपर्यंत हात धरला होता,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मला चहाला खाली पाठवलं होतंत.”

“तू आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतंस,” काका म्हणाले.

“माहीत आहे. त्याचा राग नाही हो मला. पण मी वर आले तेव्हा सगळं आवरलं होतं. मधलं मला कुणी सांगितलंच नाही. सिनेमातलं मधलं चुकलं तर शेजारच्याला विचारता येतं. हे मी कुणाला विचारायचं?”

एक बस येऊन थांबली. वाहकाने दारात लटकून ‘बेहाला, बेहाला’ अशा हाका मारल्या. आम्ही कुणी हललो नाही. बस निघून गेली.

मग काकांनी सांगितलं. समोरच्या रस्त्याकडे बघत, हळू आवाजात. काकू खाली गेल्यावर टुकू जागी झाली. आई कुठे आहे म्हणाली. काका म्हणाले, चहाला गेलीय, येईल आत्ता. त्यावर ती म्हणाली की बाबा, आईला बिस्किट घ्यायला सांगा, ती नुसता चहा पिते. खाली रस्त्यावर पूजेचा ढोल वाजत होता. तिने विचारलं, आज अष्टमी का? काका हो म्हणाले. मग कपाळावर केस येत होते ते बाजूला करा म्हणाली. काकांनी केले, ते पुन्हा येत होते. “मला कुठे केस बांधता येतात,” काका म्हणाले. “मी आपला मागे सारत राहिलो. ती हसली थोडी. मग मी सारतच होतो, आणि नर्सने येऊन माझा हात धरला.”

काकूंनी माझं मनगट सोडलं. त्यांनी पदराने आधी काकांचा चेहरा पुसला, मग स्वतःचा. दुसरी बस आली, थांबली, तीही गेली.

“हसली?” काकूंनी विचारलं.

काकांनी होकारार्थी मान डोलावली.

“पुन्हा सांगा,” काकू म्हणाल्या. “ती जागी झाली तिथून.”

काकांनी घसा साफ केला आणि टुकू जागी झाली तिथून पुन्हा सांगायला सुरुवात केली.